नांदेड ते लातूर, विमानानं वीस मिनिटं

माझ्या भावानं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. कुठल्याशा वेबसाइटचा फोटो. वर लिहिलेलं : नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ. खाली दोन्हींमधलं हवाई अंतर, आणि त्याच्याखाली उड्डाणाला लागणारा अंदाजे वेळ, वीस-पंचवीस मिनिटं. फोटोच्या खाली माझ्या भावाचे स्वतःचे शब्द : "अक्का, बघ! तू तर शेजारीच आहेस की." आणि पुढं एक पिवळा हसरा चेहरा.

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्याचं अंतर यातला फरक मी दरवर्षी आठवीच्या पोरांना दोरा घेऊन शिकवते. नकाशावर नांदेडला बोट ठेवा, लातूरला बोट ठेवा, दोरा ताणून धरा, मोजा. मग तोच दोरा लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असा वळवत न्या आणि पुन्हा मोजा. आठवीतल्या पोराला हे कळतं. बेंगळुरूत मोठ्या हुद्द्यावर बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला कळलं नाही. आणि ज्यानं कुणी ते पान लिहिलं त्याला तर काय म्हणावं! बाबा रे, नांदेडहून लातूरला विमान जातच नाही. दोन्हीकडं विमानतळ आहेत, हे खरं. नांदेडला थोडीफार विमानं येतात-जातात, हेही खरं. लातूरच्या रस्त्यावर विमानतळाकडं जायची पाटी आहे, बाण आहे, धावपट्टी आहे. कधी एखादा मोठा माणूस उतरतो तेव्हा पोलीस रस्ता अडवतात, एवढंच आमचं आणि त्या धावपट्टीचं नातं. नसलेल्या विमानाला किती वेळ लागतो हे सांगणारा माणूस मला एकदा बघायचाय.

पण राग त्या पानावर नव्हता. राग त्या "शेजारीच"वर होता.

झालं होतं असं. आमची अव्वा, म्हणजे आई, लातूरला एकटी राहते. वडील गेल्यापासून तिला किती वेळा म्हटलं, माझ्याकडं चल. तिचं एकच, "ल्योक असताना लेकीच्या दारात पडू का?" लेकाकडं जा म्हटलं तर, "तिकडं माजं कोण हाय?" म्हणजे कुठंच जायचं नाही. बरं, राहा. हातीपायी धड होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. स्वयंपाकाला एक बाई येते, शेजारपाजार चांगला आहे. पण एक दिवस नळाला पाणी आलं म्हणून लगबगीनं अंगणात गेली, शेवाळावरून पाय सरकला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दीड महिना.

आता दुसऱ्या कुणाच्या घरी दीड महिना प्लास्टर म्हणजे दीड महिना प्लास्टर. आमच्या घरी तसं नाही. आम्ही गळ्यात लिंग घालणारी माणसं. रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं त्याची पूजा करायची. विभूती, पाण्याचे थेंब, बेलाचं पान. अव्वानं सात-आठ वर्षांची असल्यापासून ही पूजा कधी चुकवलेली नव्हती. माझ्या जन्मावेळी नाही, वडील गेले त्या दिवशीही नाही. आणि पूजा झाल्याशिवाय ती घोटभर पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. आता डावा तळहातच प्लास्टरमध्ये गेलेला. उजव्यावर लिंग घेतलं तर पूजा कुठल्या हातानं करायची?

कळल्याबरोबर मी लातूरला धावले होते; म्हटलं, पाटावर ठेव. ती माझ्याकडं असं बघायला लागली की मीच तिचा हात मोडलाय. "हातावरचा देव लाकडावर ठिवू का मी? शिकून सवरून हेच शिकलीस व्हय?" शेजारची काकू म्हणाली, मी धरते हात. तर तेही न्हाई. दुसऱ्याच्या हातावर आपलं लिंग ठेवत नाहीत. दोन दिवस ती नुसती बसून. पाणी नाही, अन्न नाही, औषधाच्या गोळ्या उशाला तशाच. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी येणाऱ्या जंगम स्वामींना, म्हणजे आमच्या गुरूंना, मी गाठलं आणि हात जोडून म्हटलं, काहीतरी मार्ग काढा, नाहीतर ही बाई जीव देईल. ते म्हणाले, "पोटच्या लेकराचा हात म्हणजे आपलाच हात. लेकरानं तळहात धरला तर चालतंय." देव त्यांचं भलं करो. त्या वाक्यानं अव्वाचा जीव वाचला, आणि माझा मुक्काम लातूरला पडला.

कारण पोटची लेकरं दोनच. मी नांदेडला, तम्मा बेंगळुरूला. तम्मा म्हणजे माझा भाऊ. आमच्याकडं धाकट्याला तम्मा म्हणतात, आणि त्याचे केस पिकले तरी तो तम्माच राहतो.

मी होती नव्हती ती रजा टाकली आणि तिथंच राहिले. रोज सकाळी अव्वासमोर मांडी घालून बसायचं, डावा हात पुढं करायचा, तळहातावर ती लिंग ठेवणार आणि मग तिचा मंत्र, तिचा जप. घाई तिला माहीतच नाही. माझा खांदा भरून यायचा, बोटांना मुंग्या यायच्या. जरा हात हलला की डोळे न उघडता, "हात नीट धर की." पहिल्या दिवशी तर पूजेच्या आधी तिनं माझ्या गळ्याशी हात घालून बघितलं, माझं लिंग आहे का नाही ते. होतं. तरी म्हणाली, "दोरा लई मळलाय तुजा." म्हातारं माणूस, हात दुखतोय, चालायचंच. पूजा झाली की ती भाकरी कुस्करून खायची, गोळ्या घ्यायची, आणि मला वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला.

तीन आठवडे असे गेले. रजा संपली. मग मी तम्माला फोन केला की बाबा, आता उरलेले तीन आठवडे तू ये. तुझं तर काम घरूनही चालतं, लॅपटॉप उघडायचा नि बसायचं. त्यावर त्यानं तो फोटो पाठवला. नंतर फोनवर तोंडानंही तेच. "अक्का, मला इथून निघायचं म्हणजे किती प्लॅनिंग करावं लागतं. तू सकाळी जा, पूजा उरकून परत ये ना. हार्डली वीस मिनिटं."

उरकून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "कशात बसून जाऊ रे? घारीच्या पाठीवर?"

"म्हणजे? फ्लाइट नाहीये का? एअरपोर्ट तर आहे दोन्हीकडं."

याचा जन्म लातूरचा. दहावीपर्यंत लातूरच्या शाळेत. सायकलवरून सगळं गाव पालथं घातलेला. मला म्हणतो, फ्लाइट नाहीये का! मी त्याला सांगितलं की नांदेडहून लातूरला बस जाते. रस्ता मोकळा असला तर चार तास, नसला तर देवाला ठाऊक. रेल्वेनं जायचं तर ती परभणी-परळी फिरून जाते, म्हणजे डोक्यामागून हात नेऊन घास खाण्यातला प्रकार. रोज सकाळी पूजेला जायचं तर मला रात्रीच निघावं लागेल, आणि परत येईपर्यंत शाळेला कुलूप लागलेलं असेल. तो "ओके, ओके" म्हणत राहिला. त्याचं "ओके" मला माहीत आहे. त्याला माझं म्हणणं पटलेलं नव्हतं, त्याला फोन ठेवायचा होता. शेवटी मी म्हटलं, "तम्मा, शनिवारची पूजा करून मी निघून राहिले. रविवारी तू आलास तर अव्वा खाईल, नाही आलास तर नाही खाणार. तुझं तू बघ." आणि फोन ठेवला.

आला बाबा. रविवारी सकाळी विमानानं नांदेडला उतरला. मी शनिवारी संध्याकाळी घरी पोचले होते आणि त्या सकाळी, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, निवांत चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात फोन. "अक्का, इथं लातूरचं काउंटर कुठंय कळत नाहीये."

मला आधी वाटलं, चेष्टा करून राहिलाय. चेष्टा नव्हती. माझं सगळं ऐकूनही त्यानं मनाशी ठरवलं होतं की अक्का बसवाली आहे, अक्काला काय माहीत. तिथं गेल्यावर काहीतरी छोटं विमान असणारच. गेटवरच्या पोलिसाला विचारलं तर तो म्हणाला, "हाय की सायेब, लाल रंगाचं हाय. स्टँडवरून सुटतं." तम्मानं मला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "स्टँड कुठल्या टर्मिनलला आहे?" मी हसले नाही. तिकडं लातूरला म्हातारी सकाळपासून पाण्याच्या थेंबाविना वाट बघत बसलेली, हसू कुठून यायचं?

गाडी करून द्यावी म्हटलं तर लगीनसराई. ओळखीच्या सगळ्या गाड्या वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. मी अव्वाला फोन केला आणि सांगितलं की तम्मा नांदेडला आलाय, त्याला बसमध्ये बसवून देते, दुपारपर्यंत पोचेल, तोवर निदान घोटभर पाणी घे. पाण्याचं तिनं कानावरच घेतलं नाही. ती काय म्हणाली ते ऐका. "त्याला एकल्याला धाडू नको बाई. त्याला रस्ता म्हाईत न्हाई. तू संगं ये."

अहो, रस्ता त्याला माहीत नाही म्हणजे काय? बसमध्ये बसायचं आणि लातूर आलं की उतरायचं, यात माहीत काय असायला लागतं? आणि मी? मी आदल्या दिवशी त्याच रस्त्यानं हाडं खिळखिळी करून आले होते. दुसऱ्या दिवशी शाळा. पण ती उपाशी होती. तिच्याशी वाद घातला तर तेवढाच वेळ जाणार. अर्धा चहा तसाच ठेवला, पायात चपला सरकवल्या, रिक्षानं तम्माला घेतलं आणि स्टँड गाठला.

त्याच्याकडं चाकाची मोठी बॅग. ती ना वर मावेना, ना सीटखाली जाईना. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, हे काय कपाट आणलंय का?" शेवटी ती आमच्या गुडघ्यांना लागून उभी राहिली आणि लातूरपर्यंत दर ब्रेकला माझ्या पायावर आपटत राहिली. लोहा येईपर्यंत तम्मा मोबाइलवर नकाशा उघडून बसला होता. त्यातला निळा ठिपका हलेना की कपाळाला आठ्या. "अक्का, आपण एवढे स्लो का जातोय?" मी म्हटलं, "खिडकीतून बघ, कळंल." पुढं एक ट्रॅक्टर, त्याच्यापुढं दुसरा ट्रॅक्टर, आणि रस्त्याची एक बाजू उकरून ठेवलेली. समोरच्या सीटवरचे एक आजोबा मागं वळून म्हणाले, "पाव्हणं कुठलं?" तम्मा म्हणाला, "लातूरचाच आहे मी." आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वाटत न्हाई." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

अहमदपूरला गाडी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. पाठीवर दप्तरं आणि हातात गाद्यांच्या वळकट्या घेतलेली क्लासची पोरंपोरी लातूरला जायला चढली, आणि उभं राहायलाही जागा उरली नाही. तम्मा घामानं निथळत होता. म्हणाला, "दर वेळी तू अशीच येतेस?" म्हटलं, "न्हाई, एरवी माझ्यासाठी पालखी असते." तो जरा ओशाळला. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडला असेल. या एका प्रवासानं तरी तो मला पुन्हा "शेजारीच" म्हणणार नाही.

कसचं काय! चाकूरच्या पुढं गाडीला जरा वेग आला तसा याला हुरूप आला. म्हणाला, "अक्का, बुधवारचं रिटर्न काढलंय मी."

"कुठल्या बुधवारचं?"

"या बुधवारचं. गुरुवारी मीटिंग आहे."

"आणि प्लास्टर? ते अजून तीन आठवडे आहे, तम्मा."

"मग तू आहेस ना. जवळ."

भरल्या बसमध्ये मी ओरडले. मला त्याची लाज नाही वाटली, आत्ताही वाटत नाही. "जवळ म्हणजे काय रे? आपण सकाळपासून बसलोय या बसमध्ये, तुझं ढुंगण दुखून राहिलं नाही का? तुझी नोकरी ती नोकरी, आणि माझी काय भातुकली आहे? तिकीट बदल." क्लासची पोरं आमच्याकडं बघायला लागली. आजोबा म्हणाले, "बराबर हाय बाईचं." तम्मा खिडकीबाहेर बघत "बघतो" म्हणाला. त्याच्या "ओके"सारखंच हेही.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. अव्वा उंबऱ्यातच बसलेली. ओठ सुकून पांढरे पडलेले. तम्माला बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते मी तीन आठवडे रोज बघितलं असतं तर माझा खांदा कधी दुखलाच नसता. तम्मानं अंघोळ केली आणि समोर बसून हात पुढं केला. त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं, मी बघितलं. तिनंही बघितलं असणार. पण त्याच्या गळ्याशी तिचा हात काही गेला नाही. त्याच्या तळहातावर तिनं आपलं लिंग ठेवलं आणि जप सुरू केला. जरा वेळानं त्याचा हात कापायला लागला, बेलाचं पान खाली पडलं. मी वाट बघत होते की आता म्हणेल, हात नीट धर. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "दुखला का रे हात? आज थोडक्यात आवरते." आणि खरंच आवरलं तिनं. जी बाई माझ्या मुंग्या आलेल्या बोटांसाठी एक मंत्र कमी करत नव्हती, तिनं देवाला थोडक्यात आवरलं!

मी स्वयंपाकघरात गेले. बाईनं करून ठेवलेली भाकरी, वांग्याची भाजी, वरण होतं. अव्वाचं ताट आधी वाढून तिच्यापुढं ठेवलं, कुस्करून दिलं, पाणी दिलं. ती दोन घास खाऊन थांबली. मला वाटलं, उपाशीपोटी घास अडकला का काय.

"आदी त्याला वाढ," ती म्हणाली. "लई लांबून आलंय लेकरू."

मी म्हटलं, "अव्वा, आम्ही दोघं एकाच बसमधून उतरलो."

"तुजं काय बाई. तू जवळचीच."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळत होतं. तिनं ते मायेनंच म्हटलं होतं, हेही कळत होतं. म्हणून तर ते माझ्या काळजात जाऊन बसलं. बेंगळुरूहून तो फोटो आला तेव्हा मी चिडले होते. आता चिडताही येईना. मला रडू आलं, आणि ते दोघांपैकी एकालाही दिसू द्यायचं नव्हतं.

मी हातातली पळी वरणाच्या पातेल्यात ठेवून दिली. तम्माच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकून बसले, पाय पसरले. म्हटलं, "अव्वा, तू खा. मला लई भूक लागलीय. आज मला पण कुणीतरी वाढावं."

अव्वा तिच्या प्लास्टरकडं बघायला लागली, मग तम्माकडं. तम्मा दोनदा माझ्याकडं बघून शेवटी उठला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, एक कपाट उघडलं, लावलं, दुसरं उघडलं. त्याच घरात वाढलेला माणूस.

"अक्का," आतून आवाज आला, "ताटं कुठं असतात गं?"

"शोध," मी म्हटलं. "आता तीन आठवडे रोज लागणार आहेत तुला."